आय-सेव्हन आणि महिन्याचा हप्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यातल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपच्या चौकशा वाढतात. दुकानात शिरल्यावर बहुतेक पालक दोनच प्रश्न विचारतात. ‘आय-सेव्हन आहे ना?’ आणि ‘महिन्याला किती बसेल?’ पन्नास-साठ हजारांचा निर्णय या दोन उत्तरांवर होऊन जातो. मला संगणकांचं वेड आहे, त्यामुळे ओळखीची मंडळी खरेदीआधी सल्ला विचारतात आणि हेच दोन प्रश्न माझ्यापुढेही येतात. पण संगणक कामाच्या वेळी नेमका कुठे अडतो आणि घरातून एकूण किती रुपये जातात, हे त्यातून कळत नाही. ते कळायचं असेल तर आधी काही पक्के समज बाजूला ठेवावे लागतात.

‘आय-सेव्हन म्हणजे आय-फाइव्हपेक्षा भारी’

हे एकाच पिढीतल्या एकाच प्रकारच्या प्रोसेसरांपुरतं बहुधा खरं असतं, त्यापलीकडे नाही. इंटेलचा कोअर आय-७ ७५००यू हा २०१६ सालचा प्रोसेसर. त्यात दोन कोअर आहेत. पुढच्याच वर्षी आलेल्या कोअर आय-५ ८२५०यूमध्ये चार कोअर आहेत. वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात हे दोन्ही अजून दिसतात, आणि ‘आय-सेव्हन’ या एका शब्दावर जुन्या, कमी ताकदीच्या यंत्राला जास्त भाव मिळून जातो. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेली अट आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे तो आय-७ त्या रेषेच्या अलीकडे राहतो आणि आय-५ पलीकडे जातो.

म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक वाचावा. इंटेलच्या ‘आय’ मालिकेत सुरुवातीचे एक किंवा दोन आकडे पिढी सांगतात. ८२५० म्हणजे आठवी, १२३५ म्हणजे बारावी. शेवटचं अक्षर यू असेल तर प्रोसेसर कमी वीज घेणारा, एच असेल तर जास्त वीज खाऊन जास्त काम करणारा. एएमडीच्या रायझनमध्ये आणखी जपून पाहावं लागतं. रायझन ५ ७५२०यू हे नाव ७००० च्या मालिकेतलं, नवंकोरं वाटणारं. पण त्याचे कोअर झेन २ या २०१९ मध्ये आलेल्या रचनेचे आहेत. त्या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो आणि इथे तो २ आहे. डब्यावर सगळं छापलेलं असतं, दुकानात मात्र ते कुणी उलगडून सांगत नाही.

कॉलेजचे प्रकल्प, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग, सिनेमे एवढंच काम असेल तर गेल्या चार-पाच वर्षांतला मधल्या पातळीचा प्रोसेसर पुरून उरतो. आय-सेव्हनसाठी जे जादा पैसे जातात, ते मी १६ जीबी रॅम आणि चांगल्या पडद्याकडे वळवीन. पडद्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. रोज तासन् तास ज्याच्याकडे बघायचं, त्याचा उजेड दुकानात एकदा खिडकीजवळ नेऊन तपासायला हवा.

‘मशीन स्लो झालं, आता नवं घ्यावं लागणार’

या समजापायी लोकांचे सर्वांत जास्त पैसे विनाकारण जातात, म्हणून इथे थोडं थांबतो.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या अनेक लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचण्याच्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायलाही वेळ लागतो. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभरही वाचनं करू शकत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं आणि साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला अशी हजारो वाचनं करते. विंडोज सुरू होताना अशाच हजारो छोट्या फायली उघडत असते. प्रोसेसर बहुतेक वेळ हातावर हात ठेवून डिस्कची वाट पाहत असतो, आणि आपण म्हणतो की लॅपटॉप म्हातारा झाला. तीच डिस्क काढून एसएसडी बसवली की मिनिटांची वाट सेकंदांवर येते. खर्च नव्या यंत्राच्या तुलनेत अगदी थोडा.

रॅमचं गणित वेगळं आहे. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. चार भांडी ठेवायला जागा नसेल तर प्रत्येक वस्तू काढ-ठेव करण्यात वेळ जातो, पण जागा पुरेशी असेल तर ओटा आणखी लांब करून भाजी लवकर शिजत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नेहमीचं काम चालू असताना मेमरी किती भरली आहे ते दिसतं. ती सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर वाढवा, निम्मी रिकामी असेल तर पैसे वाचवा. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव चढले, त्यामुळे ‘असू दे जास्त’ म्हणून घेणं आता महागात पडतं. आणि अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायचा.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच वेळा ‘रिफ्रेश’ दाबण्याची सवय तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्याने आयकॉन पुन्हा रेखाटले जातात, एवढंच. वेग वाढत नाही, रॅम रिकामी होत नाही. ‘पीसी बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअरं तर टाकूच नयेत. मात्र एक गोष्ट खरी उपयोगाची: विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. पूर्ण नव्याने सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करावं लागतं. रोज नेमाने बंद करूनही अडखळणारे कितीतरी संगणक एका रीस्टार्टने सरळ होतात.

‘विंडोज १० बंद झालं, लॅपटॉप भंगारात’

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. याचा अर्थ संगणक बंद पडला असा नाही, नवी सुरक्षा अद्यतनं आपोआप मिळणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी नाव नोंदवून ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. अद्यतनांशिवाय बँकेचे व्यवहार त्यावर करत राहणं मात्र धोक्याचं आहे, त्यात हयगय करू नये.

विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट चालतं. ब्राउझर, लिबरऑफिस, यूट्यूब, मराठी टायपिंग, सगळं त्यात आहे. आजी-आजोबांच्या किंवा शाळकरी मुलांच्या वापराला मी ते निःशंकपणे सुचवतो. ज्यांच्याकडे टॅलीवर हिशेब चालतो, त्यांना नाही. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि अशा कामात उसना मार्ग काढत बसण्यापेक्षा योग्य यंत्र घेणं स्वस्त पडतं.

जाता जाता, ‘विकतचा अँटिव्हायरस नसेल तर काही खरं नाही’ या समजाबद्दल. फ्लॉपीच्या काळात हे खरं होतं. त्याच काळात पुण्यातल्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली, कारण लोकांची गरज खरी होती. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस सोबतच येतो, आणि जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत अलीकडच्या वर्षांत त्याला वरचे गुण मिळत आले आहेत. जपून वागणाऱ्या घराला तो पुरतो. ज्या घरात दुकानदाराने फुकट ‘क्रॅक’ केलेलं विंडोज टाकून दिलं आहे, तिथे कुठलाही अँटिव्हायरस भरवशाचा नाही, कारण ते क्रॅक चालवण्यासाठी बहुतेकदा आधी अँटिव्हायरसच बंद करायला सांगतात.

‘५१२ जीबी सांगून ४७६ दिली’ ही तक्रारही वारंवार येते. यात फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइट धरून भागाकार करतं. १ टीबी तिथे ९३१ दिसते. इंटरनेटचंही तसंच, १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरते, कारण वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. आठाने भागलं की झालं.

‘नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे व्याज नाही’

व्याज असतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. तेव्हापासून मांडणी बदलली. आता दुकानदार किंवा कंपनी व्याजाइतकी सूट आधी देते आणि बँक उरलेल्या रकमेवर नेहमीसारखं व्याज लावते.

आकड्यांत पाहू. लॅपटॉप ६०,००० रुपयांचा, सहा हप्ते, बँकेचा दर वर्षाला १५ टक्के. हप्ता बरोबर १०,००० यावा यासाठी कर्ज ५७,४६० रुपयांचं असावं लागतं. म्हणजे २,५४० रुपये सूट मिळाली आणि तेवढेच व्याज म्हणून गेले. इथपर्यंत बरोबरी. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ४५७ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर त्यावरच्या जीएसटीसह २३५. एकूण ६९२ रुपये जास्त गेले. शिवाय कार्डाच्या मर्यादेतली तेवढी रक्कम अडकून राहते आणि मुदतीआधी कर्ज फेडायला गेलं तर वेगळं शुल्क लागू शकतं.

६९२ रुपये फार नाहीत. मुलीचं कॉलेज सुरू झालं आहे, पैसे पुढच्या महिन्यांत येणार आहेत, तर जरूर घ्यावा हप्त्यावर. त्यात कमीपणा नाही. पण यातली खरी महत्त्वाची गोष्ट ते २,५४० रुपये आहेत. विकणारा तेवढी रक्कम सोडायला तयार होताच. एकरकमी पैसे देणाऱ्याने तीच सूट मागायला हवी. लोक ती मागत नाहीत, कारण ‘नो कॉस्ट’ ऐकून त्यांना वाटतं की किंमत दोन्हीकडे सारखीच आहे.

खरा खड्डा पुढे आहे. तेच ६०,००० साध्या कार्डावर टाकले आणि दर महिन्याला फक्त ‘किमान देय रक्कम’ भरली तर? समजा व्याज महिन्याला साडेतीन टक्के, किमान रक्कम ५ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज २,१००, त्यावर जीएसटी ३७८. भरले ३,०००. मुद्दलातून कमी झाले ५२२ रुपये. आणि थकबाकी चालू असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. किराणासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजावर येतो. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांना हे कुणीतरी आकडे मांडून दाखवलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

‘व्यवसायात दाखवला की लॅपटॉप फुकटच’ असं सांगणारेही भेटतात. हिशेबाची वही ठेवणाऱ्या व्यावसायिकाला संगणकावर घटत्या किमतीच्या ४० टक्के घसारा मिळतो. ६०,००० वर पहिल्या वर्षी २४,०००, आणि त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर निम्मा, १२,०००. हा घसारा उत्पन्नातून वजा होतो, करातून नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात २४,००० च्या घसाऱ्याने कर ४,८०० च्या आसपास वाचतो. पगारदाराला तेही नाही.

‘फोटो क्लाउडवर आहेत, काळजी नाही’

क्लाउडवरची जोडलेली प्रत आणि बॅकअप यांत फरक आहे. फोनमधून फोटो पुसला की जोडलेल्या खात्यातूनही तो जातो, आणि कचराकुंडीची मुदत संपली की कायमचा जातो. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. जागा भरली की नवे फोटो वर चढणंच थांबतं, आणि ती सूचना वाचायची अनेकांची राहून जाते.

एसएसडी आल्यापासून आणखी एक जुना भरवसा गेला. फिरत्या डिस्कवरून पुसलेली माहिती दुरुस्तीवाले बरेचदा परत काढून देत. एसएसडीत पुसलेली जागा ट्रिम या सोयीमुळे लवकरच खरोखर रिकामी केली जाते, त्यामुळे परत मिळण्याची आशा फार कमी. म्हणून लॅपटॉपच्या अंदाजपत्रकातच १ टीबीची बाहेरची डिस्क धरा, प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल. महिन्यातून एकदा तिच्यावर प्रत काढा, काम झाल्यावर ती सुटी करून कपाटात ठेवा, कारण जोडलेल्या डिस्कवर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअरही पोहोचतं. आणि प्रत काढल्यावर त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.