अंगातलं पाणी 'ओ' देतं!

चिखलदऱ्याला गेलात की पंचबोल पॉइंटला जायचंच. कठड्याच्या अलीकडेच उभं राहायचं बरं का! छातीभर श्वास घ्यायचा आणि दरीकडे तोंड करून ओरडायचं, "ए पोट्टेहो!" समोरचे डोंगर तुमचीच हाक तुम्हाला परत देतात. एकदा, दोनदा, तीनदा... पाचदा ऐकू येते म्हणून तर नाव पंचबोल. पहिला बोल खणखणीत, दुसरा त्याहून बारीक, आणि पाचव्यासाठी कान टवकारावे लागतात. शेजारी कुणी कुरकुऱ्यांचं पाकीट फोडलं की तो गेलाच.

या बोलांमधून बरंच काही कळतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक मारली आणि ती बरोबर एका सेकंदाने परत आली, तर समोरचा कडा १७० मीटरवर आहे. अर्धा सेकंद जायला, अर्धा यायला. उघडा कातळ आवाज बराचसा परत देतो, झाडीने भरलेला उतार त्यातला पुष्कळसा गिळून टाकतो. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी समोर काय आहे, याचा अंदाज बांधता येतो.

आता सांगा, अशी हाक तुमच्या अंगालाच मारली तर? अंग ओ देईल?

देतं! मोठ्या दवाखान्यातलं एमआरआयचं मशीन दिवसभर हेच तर करतं. अंगाला हाक मारतं, आणि ओ देतं तुमच्या अंगातलं पाणी.

मोठ्या माणसाच्या वजनातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग पाण्याचाच असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनच्या अणूच्या मध्यभागी एक प्रोटॉन. हा प्रोटॉन म्हणजे एक अतिशय चिमुकला चुंबक. एरवी हे चुंबक वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असतात. पण तुम्ही एमआरआयच्या बोगद्यात शिरलात की तिथलं भलंमोठं चुंबक त्यांना शिस्त लावतं. दवाखान्यात नेहमी दिसणाऱ्या मशीनची ताकद १.५ टेस्ला असते. होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याकडे जेवढं आहे, त्याच्या ही तीस हजार पटींहून जास्त.

एवढं दांडगं चुंबक म्हटल्यावर सगळे प्रोटॉन निमूट एका दिशेला वळत असतील, नाही का? छे! जवळजवळ निम्मे चुंबकाच्या दिशेला आणि निम्मे उलट्या दिशेला राहतात. सरळ दिशेचे जरासे जास्त भरतात, ते किती? दर दहा लाखांमागे पाच. या पाचांच्या जिवावर सगळा खेळ चालतो. पाण्याच्या एका थेंबात हायड्रोजनचे अणू इतके असतात, की ३ लिहून पुढे एकवीस शून्यं मांडावी लागतील. त्यामुळे दहा लाखांत पाचसुद्धा पुष्कळ होतात.

हे प्रोटॉन नुसते उभे राहत नाहीत. ते चुंबकाच्या दिशेभोवती डोलत असतात, १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. नेमक्या याच ठेक्याची रेडिओ लहर सोडली तरच ते दाद देतात. ठेका जरा चुकला की ढिम्म! एफएम रेडिओची स्टेशनं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लागतात. १.५ टेस्लाच्या मशीनची हाक ६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे त्या पट्ट्याच्या खाली, आणि ३ टेस्लाच्या मशीनची १२८ ची, म्हणजे वर. प्रोटॉनची ओ तर इतकी क्षीण असते, की बाहेरच्या रेडिओची कुजबुज आत शिरू नये म्हणून खोलीच्या भिंतींना आतून तांब्याचे पत्रे लावतात.

या 'ओ'ला मी प्रतिध्वनीच म्हणेन, आणि शास्त्रज्ञही तिला तेच म्हणतात. पण गंमत ऐका. १९५० साली अमेरिकेत अर्विन हान नावाचा तरुण शास्त्रज्ञ प्रोटॉनना अशाच हाका मारत होता. त्याने पाठोपाठ दोन हाका मारल्या. दोन्ही विरून गेल्या आणि मग, तिसरी हाक मारलेलीच नसताना, एक ओ आली! कुठून आली ही?

पहिल्या हाकेनंतर सगळे प्रोटॉन एका ठेक्यात डोलू लागतात. पण प्रत्येकाच्या आजूबाजूचं चुंबकत्व थोडं वेगळं असतं. त्यामुळे काही पुढे सटकतात, काही मागे रेंगाळतात, ठेका मोडतो आणि आवाज विरतो. दुसरी हाक अशी असते, की ती सगळ्यांना उलटं करते: पुढचे मागे जातात आणि मागचे पुढे येतात. पण चपळ होते ते चपळच राहतात ना! मागे पडलेले चपळ हळूहळू पुढच्यांना गाठतात, आणि एका क्षणी सगळे पुन्हा एका ओळीत येतात. त्या क्षणी येते ती ओ. डोंगरातला प्रतिध्वनी कड्यावर आपटून परततो. हा कशावरच आपटत नाही. विखुरलेली मंडळी पुन्हा जुळली की हा उमटतो. मला तर हा शोध फारच आवडतो, कारण हरवलेला आवाज खरं म्हणजे हरवलेला नव्हताच, हे हानने दाखवून दिलं.

उलटं करणाऱ्या हाका मारत राहिलं, की ओ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी बारीक होत जाते. आणि ती किती लवकर विझते, त्यावरून ते पाणी कुठलं हे कळतं. मेंदूभोवतीच्या मोकळ्या पाण्याची ओ सेकंदभराहून जास्त टिकते. स्नायूतल्या पाण्याची ओ सेकंदाच्या विसाव्या भागातच बरीचशी विरते. १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठी तपासून दाखवलं, की रोगट भागाची ओ निरोगी भागापेक्षा वेगळी असते.

पण ओ आली ती गुडघ्यातून की घोट्यातून, हे कसं ओळखायचं? ते कोडं पॉल लाउटरबर यांनी सोडवलं. मुख्य चुंबकाला एका बाजूला किंचित जास्त आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी करायचं. मग जागेप्रमाणे प्रोटॉनचा ठेका बदलतो आणि ठेक्यावरून जागा कळते. १९७३ मध्ये त्यांनी या युक्तीने पहिलं चित्र छापलं. कशाचं? पाणी भरलेल्या दोन बारक्या नळ्यांचं! 'नेचर' साप्ताहिकाने तो लेख आधी नाकारला होता. ब्रिटनच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी हीच चित्रं झपाट्याने काढायची रीत शोधली. या मॅन्सफिल्डनी पंधराव्या वर्षी शाळा सोडून पुस्तकबांधणीच्या कामाला सुरुवात केली होती, शिक्षण पुढे पुन्हा धरलं. २००३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मशीनमधून जो ठकठक-घर्रघर्र आवाज येतो ना, तोही या युक्तीचाच. चुंबक कमी-जास्त करणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांमधून वीज झपाझप चालू-बंद होते आणि वेटोळी थरथरतात. म्हणून तर कानात बोळे घालतात. आत दुखत काहीच नाही, फक्त हलायचं नाही.

आता आपल्या विदर्भाकडे या. सिकलसेल हा शब्द तुमच्यातल्या काहींनी शाळेतल्या रक्ततपासणीत ऐकला असेल. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यात गोल लालपेशी वाकून विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग ठणकतं. काही मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं. थॅलेसेमिया नावाच्या दुसऱ्या आजारात तर दर काही आठवड्यांनी.

रक्त मिळालं की जीव वाचतो, पण त्याच्याबरोबर लोहही येतं. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणातून आपलं शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम घेतं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. मग ते साचत जातं, यकृतात आणि थॅलेसेमियात हृदयातसुद्धा. लोह कमी करायची औषधं आहेत. पण किती साचलंय हे कळल्याशिवाय डॉक्टर मात्रा कशी ठरवणार? पूर्वी यकृतात सुई घालून तुकडा काढत. हृदयातून असा तुकडा वरचेवर कोण काढणार?

इथे विझणारी ओ कामाला येते. साचलेलं लोह चुंबकासारखं वागतं आणि शेजारच्या प्रोटॉनचा ठेका बिघडवतं. जितकं लोह जास्त, तितकी ओ लवकर विझते. म्हणून मशीन थोड्या निराळ्या रीतीने लागोपाठ आठेक ओ ऐकतं आणि त्या किती झरझर बारीक होतात ते मोजतं. हृदयासाठी खूणगाठ अशी: ओ विरायला २० मिलिसेकंदांहून जास्त लागले तर ठीक, १० पेक्षा कमी लागले तर लोह फार झालंय, ताबडतोब उपचार हवेत. ना सुई, ना टाका! पंचबोलला पाच बोल ऐकलेल्या मुलाला हे कुणी वेगळं समजावून सांगायलाच नको.

मग हे मशीन गावोगावी का नाही? एक कारण थंडी. चिखलदऱ्याची थंडी तिच्यापुढे काहीच नाही! मशीनच्या मुख्य चुंबकाची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवून उणे २६९ अंशांवर ठेवावी लागतात, तेव्हा त्यांच्यातून वीज अजिबात अडथळा न होता फिरते. जुन्या मशीनला असं हेलियम हजार-दीड हजार लिटर लागतं, आणि ते महाग असतं. मेळघाटातल्या एखाद्या कोरकू पाड्यावरच्या पोराचा स्कॅन करायचा, तर आधी चिखलदरा किंवा धारणी गाठा, मग घाट उतरा, मग मोठं शहर. चिखलदऱ्याहून अमरावतीच सुमारे ऐंशी किलोमीटर. आजारी लेकराला घेऊन हा प्रवास करणाऱ्या आईबापांसाठी हे सगळं संशोधन व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

आणि ते होतंय! फक्त सात लिटर हेलियमवर चालणारं, ते कायमचं आत बंद केलेलं चुंबक २०१८ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या व्होक्सेलग्रिड्स कंपनीने १.५ टेस्लाचं हलकं, स्वस्त देशी मशीन बनवलं. दिल्लीत २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते जाहीर झालं आणि पुढे रुग्णांसाठी बसवलं ते आपल्या विदर्भातच, चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात. मुंबईची 'समीर' ही सरकारी संस्थाही देशी मशीनवर काम करते आहे.

काही शास्त्रज्ञ मात्र उलट्या वाटेने निघाले. त्यांनी चुंबक आणखी दांडगं केलं. फ्रान्समध्ये ११.७ टेस्लाचं, १३२ टन वजनाचं मशीन आहे. २०२१ मध्ये त्यात पहिल्यांदा काय ठेवलं असेल? भोपळा! त्याच्या बिया आणि धागे सुरेख दिसल्यावर पुढे माणसांची पाळी आली. २०२४ मध्ये मेंदूची अशी चित्रं प्रसिद्ध झाली, की मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे बारकावे दिसावेत, तेही चार मिनिटांत.

मला जास्त कौतुक आहे ते दुबळ्या चुंबकांचं. २०२० मध्ये अमेरिकेत चाकांवरचं एक मशीन मंजूर झालं. त्याची ताकद ०.०६४ टेस्ला. ते ढकलत रुग्णाच्या खाटेपाशी न्यायचं आणि भिंतीतल्या साध्या प्लगला लावायचं. २०२४ मध्ये हाँगकाँग विद्यापीठातल्या एड वू यांच्या गटाने ०.०५ टेस्लावर अख्ख्या शरीराची चित्रं काढून दाखवली. हेलियम नाही, तांब्याची खोली नाही, आणि विजेचा खर्च कपडे इस्त्री करायला लागतो त्याच्या जवळपास.

चुंबक दुबळं म्हणजे ओ बारीक, बाहेरचा गोंगाट भारी. मग ऐकू कसं येतं? त्यांनी रुग्णाभोवती जास्तीचे अँटेना लावले आणि नुसता गोंगाट वेगळा ऐकला. मग संगणकाला हजारो चांगली चित्रं दाखवून शिकवलं: गोंगाट कुठला आणि ओ कुठली. याच तऱ्हेच्या शिकवलेल्या संगणकांमुळे मोठ्या मशीनचाही वेळ कमी होतोय, कारण थोड्याशा नोंदींवरून ते पूर्ण चित्र जुळवतात. मात्र जिथे नोंद नाही तिथे संगणक कधीकधी स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो, नसलेली रेघ काढतो. म्हणून अशी चित्रं डॉक्टरांच्या नजरेखालून बारकाईने जावीच लागतात.

दुबळ्या चुंबकाचा एक फायदा तर ऐकून चकित व्हाल. दांडग्या चुंबकात लोहाचा त्रासही दांडगा होतो. ३ टेस्लाच्या मशीनमध्ये लोहाने भरलेल्या यकृताची ओ १.५ टेस्लाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने विझते, कधीकधी मशीनने कान लावायच्या आतच संपते! चुंबक मवाळ केलं की तीच ओ जास्त वेळ टिकते. फुप्फुसांचंही तसंच. तिथे हवा आणि अंग यांच्या सीमेवर ठेका पटकन बिघडतो, म्हणून एमआरआयला फुप्फुसं नेहमीच अवघड गेली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक चालू मशीन मुद्दाम ०.५५ टेस्लावर उतरवलं आणि फुप्फुसं कितीतरी स्पष्ट दिसली. ज्या मुलांच्या अंगात लोह सगळ्यात जास्त साचलंय, त्यांच्यासाठी हेच मवाळ चुंबक वापरता येईल का, याचा अभ्यास आता चालू आहे.