लाळेतली कात्री

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँतोनी व्हान लेव्हनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. सांगलीजवळच्या माधवनगरात यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्यांना हा माणूस जवळचा वाटावा. १६८३ मध्ये त्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली एका म्हाताऱ्याची थुंकी आणि दातांवरचं कीट ठेवलं. त्या म्हाताऱ्याने जन्मात दात घासले नव्हते. भिंगाखाली अगणित जीव वळवळत होते.

आज त्याच थुंकीत आपण जीवांपेक्षाही बारीक काही शोधतो, आणि ते जंतूंचं नसून आपलंच असतं.

दात थेट हाडात रुतलेला नसतो. कोलॅजनच्या बारीक तंतूंनी तो हाडाला बांधलेला असतो आणि त्या थराची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. कीट साचलं, जंतू हिरडीखाली शिरले, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. त्यांच्याजवळ एमएमपी-८ नावाचं एन्झाइम असतं. ते कात्रीसारखं चालतं: कोलॅजनचा तिपेडी रेणू ठरलेल्या एकाच जागी कापतं आणि पाऊण व पाव असे दोन तुकडे करतं. लढाई जंतूंशी, पण बांध तुटतात आपल्या दातांचे. बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. दात हलायला लागला की आपण म्हणतो, वय झालं.

या जातीचं एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या पिल्लात. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर हे शास्त्रज्ञ एका साध्या प्रश्नामागे होते: पिल्लाचा बेडूक होताना शेपटीतलं कोलॅजन जातं कुठे? आजोबांची दाढ ढिली करणारं रसायन आणि बेडकाची शेपूट विरघळवणारं रसायन एकाच कुळातलं आहे, हे कळल्यापासून मला हिरड्यांबद्दल वेगळाच आदर वाटू लागला आहे!

हे एन्झाइम हिरडी आणि दाताच्या खोबणीतून झिरपत लाळेत उतरतं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ, त्यात ९९ टक्के पाणी. तरी ते सापडतं. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या टिमो सोर्सा यांच्या संशोधनातून यासाठी पट्टीची चाचणी आली. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, मग दिलेल्या द्रवाने खुळखुळायचं, त्यातले थेंब पट्टीवर टाकायचे. गर्भचाचणीसारख्याच रेघा, पाच-दहा मिनिटांत. धोक्याची खूण साधारण एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे अब्ज भाग केले, तर त्यातले फक्त वीस! पट्टी मोजते तेही जागं झालेलं एन्झाइम. पेशींत निजलेलं तिच्या हिशेबात येत नाही.

तपासणीची मूळ पद्धत मात्र अजून खुणांच्या बारीक सळईचीच. माधवनगरपासून जवळ, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. तिथे काय किंवा दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात काय, दाताभोवती सळई फिरवून खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, पुढे काळजी. सळई नेमका दात दाखवते, पट्टीला ते जमत नाही. पण वाकता न येणारी, खुर्चीत फार वेळ तोंड उघडं ठेवू न शकणारी म्हातारी माणसं घरी असतात. त्यांच्यातल्या कोणाला आधी दवाखान्यात न्यायचं, हे ठरवायला पट्टी कामाची, असं मला वाटतं. मधुमेह असेल तर अधिकच, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहात नाही.

म्हातारपणी पट्टीपुढे अडचणी मात्र असतात. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. शिवाय तोंडात चारच दात उरले असतील, तर एन्झाइम झिरपायच्या जागाही चारच, आणि पट्टी उगाच दिलासा देऊ शकते. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या आजींची हिरडी तर चोळायच्या जागी आधीच खाली सरकलेली असते. अशा वेळी रेघ काहीही सांगो, सळई लावून बघायलाच हवं.