दात काढले तर गाल बसतील का? (दातांची रांग : लेखांक ७)

तारा दातांना कशा सरकवतात, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता त्यापुढची धास्ती. कर्जत-खालापूरकडच्या घरांत तारांचा विषय निघाला की आई विचारतेच, "चांगले चार दात काढायचे? पोरीचे गाल बसले तर?"

काढतात त्या बहुधा सुळ्यामागच्या उपदाढा. वर दोन, खाली दोन. एका उपदाढेची रुंदी साधारण ७ मिलिमीटर. ही जागा कशासाठी वापरली जाते, त्यावर चेहरा ठरतो.

दोन मुली डोळ्यांपुढे आणा. पहिलीचा सुळा हिरडीत वर चढलाय, पुढचे दात एकमेकांवर आलेत, पण ओठ सहज मिटतात. तिची बरीचशी जागा दाटी सोडवण्यातच संपते आणि ओठ जवळपास होते तिथेच राहतात. दुसरीचे वरचे-खालचे दात पुढे आलेत. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागतो आणि हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडतात. तिची जागा दात मागे घ्यायला लागते. दातांपाठोपाठ ओठही मागे येतात, मात्र दातांपेक्षा कमी. तोंड न ताणता मिटू लागतं. तिला हवा असतो तो हाच बदल.

पण ज्याचे ओठ आधीच पातळ आणि नाक-हनुवटी ठळक आहे, त्याचे दात असेच मागे ओढले तर चेहरा खोलगट दिसू शकतो. म्हणजे आईची भीती निराधार नाही. उलट, दाटी फार असताना दात न काढता रांग लावली तर दात पुढे कलतात, ओठ फुगीर दिसतात आणि पातळ हिरडी खाली उतरू शकते. राहिले गाल. त्यांचा भरीवपणा मुख्यतः हाड, स्नायू आणि चरबीवर असतो. वयात येताना चेहऱ्यावरचं बाळसं उतरतं आणि दोष तारांच्या माथी बसतो.

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतले एडवर्ड अँगल दात काढण्याच्या ठाम विरोधात होते. १९११ मध्ये कॅल्विन केस यांनी त्या मताला जाहीर आव्हान दिलं. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता बरे केलेले आपलेच रुग्ण पुन्हा तपासले, निकाल मनासारखे नव्हते म्हणून अनेकांच्या उपदाढा काढून नव्याने उपचार केले. सरसकट 'काढा' किंवा सरसकट 'काढू नका' असा नियम चालत नाही, हे त्यातूनच कळत गेलं.

म्हणून होकार देण्याआधी चेहऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे, दातांचे साचे आणि फोटो समोर ठेवून डॉक्टरांना विचारा: जागा किती लागेल? ती कशासाठी? ओठ कुठे येतील? उत्तर पटलं नाही तर दुसरं मत घ्या. कामोठे आणि खारघरची दंत महाविद्यालयं आपल्याच जिल्ह्यात आहेत. काढलेला दात परत बसवता येत नाही, तेव्हा हे प्रश्न आधीच विचारायला संकोच नको.

पुढच्या आठवड्यात : तारा काढल्यावर दात पुन्हा का सरकतात?