पोर्ट दिसला… आणि गेला!

हॅम रेडिओचं लायसन्स आलं, हँडसेट आला. आता 'चर्प' सॉफ्टवेअरने त्यात चॅनेल भरायचे, म्हणून लिनक्सच्या लॅपटॉपला यूएसबी केबल लावली. पोर्ट दिसला आणि क्षणात गायब! तुमचंही असं झालंय? केबल फेकू नका. मी फेकणारच होते.

आधी टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' बघा. उबुंटू 22.04 आणि केबलमध्ये स्वस्तातली 'सीएच 340' चिप असेल, तर तिथे 'बीआरएलटीटीवाय' हे नाव सापडेल. हा व्हायरस नाही हं! अंध व्यक्तींचा ब्रेल डिस्प्ले चालवणारा हा प्रोग्राम. एका ब्रेल यंत्राचा आणि या चिपचा यूएसबी आयडी एकच, म्हणून तो आपली केबल ताब्यात घेतो.

स्वतःच्या लॅपटॉपवरून तो खुशाल काढा. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र हा उद्योग नको. तिथे कुणाचं तरी वाचन त्याच्यावरच चालत असेल. अ‍ॅडमिनला सांगून 'यूडेव्ह' नियमातली फक्त त्या आयडीची ओळ बंद करून घ्या.

पोर्ट टिकला, तरी 'परमिशन डिनाइड'? मग स्वतःचं नाव 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा. हे लॉगआउट विसरले, तिथेच माझी अख्खी संध्याकाळ गेली.