हाडाला ओझं कळतं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत जड माल हलवणाऱ्या कामगाराच्या नडगीचं हाड मोडलं, की घरात आधी पगाराची चिंता सुरू होते. मग प्रश्न येतो, "पुन्हा ओझं उचलता येईल का?" या प्रश्नावर शरीर जे काही करतं, ते थक्क करणारं आहे.

कातडी खोल कापली तर व्रण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येतं. मोडल्या जागी रक्त साकळतं आणि तिथूनच दुरुस्ती सुरू होते. काही आठवड्यांत फटीत कूर्चा भरते, मग कूर्चेच्या जागी हाड येतं. एक्स-रेमध्ये दिसणारा तो फुगवटा म्हणजे कॅलस. पुढे ऑस्टिओक्लास्ट पेशी जास्तीचं हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी गरजेच्या जागी नवं रचतात. माणूस कामावर रुजू झाला तरी हे चालूच असतं, कधी वर्षानुवर्षं.

गरज कुठे आहे, हे कोण ठरवतं? ओझंच! हाड भाराप्रमाणे घडतं, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं. पाऊल टेकलं की हाड अगदी किंचित वाकतं, आतल्या सूक्ष्म नलिकांमधला द्रव सरकतो आणि तिथे रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना त्याची खबर लागते. म्हणून टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळात भारच नसतो. तिथे उपाय केले नाहीत तर भार पेलणारी हाडं महिन्याला 1 ते 1.5 टक्के झिजतात.

सैबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. गावरील इलिझारोव यांनी हाड आणि भाराच्या या नात्याचा अफाट उपयोग केला. हाडात तारा ओवून त्या बाहेरच्या धातूच्या कड्यांना ताणून बसवायच्या आणि रोग्याला त्याच पायावर चालवायचं. हाडाची टोकं दिवसाला साधारण 1 मिलिमीटर दूर सरकवली, तर मधल्या जागेत नवं हाड उगवतं! 1964 चा ऑलिंपिक उंच उडी विजेता वालेरी ब्रुमेल याचा पाय 1965 मध्ये मोटरसायकल अपघातात चिरडला. बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्यावर तो इलिझारोव यांच्याकडे गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरवर उडी मारू शकला. त्याच्या 2.28 मीटरच्या विक्रमापर्यंत मात्र तो परत पोचला नाही. हेही सांगायलाच हवं, कारण हाड जुळलं म्हणून सगळं शरीर जुळत नाही. प्लास्टरमध्ये मांडी रोडावते, घोटा आखडतो, तोल बिघडतो.

म्हणूनच मला हाड जुळणं आणि पूर्ण कामावर परतणं यांच्या मधले आठवडे सर्वात मोलाचे वाटतात. कामावर इजा झालेल्या विमाधारक कामगाराला ईएसआय योजनेतून बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. वागळे इस्टेटमध्ये या योजनेचं रुग्णालयही आहे. योजनेबाहेरच्या कंत्राटी माणसाला अनेकदा घाईनेच परतावं लागतं. "फिट" असा शेरा एका दिवसात मिळतो, पण हाडाला भार हवा असतो तो पायरीपायरीने, डॉक्टरांनी ठरवून दिलेला. सुपरवायझर अशा माणसाला काही आठवडे पॅकिंगच्या टेबलावर उभा करतो, मग रिकामी ट्रॉली ढकलायला देतो, तेव्हा तो त्याच्यावर उपकार करत नसतो. उपचाराचा उरलेला भाग त्या शॉप फ्लोअरवर चालू असतो.