छतही इथिलीनचे, धोकाही इथिलीनचा

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे आणि पवन मावळ परिसरातील हरितगृहांत निर्यातीचे गुलाब वाढतात, आणि त्या हरितगृहांवरचे पॉलिथीनचे आच्छादन व खुडलेल्या फुलाच्या पाकळ्या अकाली गाळणारा वायू या दोहोंच्या मुळाशी इथिलीन हा एकच रेणू आहे.

केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. कार्बनचा अणू चार बंध जोडतो. कार्बन-कार्बनमधले सर्व बंध एकेरी असले, तर संयुग संपृक्त ठरते. इथिलीनमध्ये दोन कार्बन अणूंच्या वाट्याला चारच हायड्रोजन येत असल्याने ते एकमेकांशी दुहेरी बंधाने जोडले जातात, आणि असा बंध असलेल्या असंपृक्त हायड्रोकार्बनांना अल्कीन म्हणतात. या जोडीतला सिग्मा बंध दोन्ही केंद्रकांच्या मधोमध असल्याने भक्कम असतो. पाय बंधाचे इलेक्ट्रॉन मात्र त्या रेषेच्या वर-खाली पसरलेले, सैल आणि बाहेरच्या रेणूंच्या सहज हाती लागणारे असतात. अल्कीनचे बहुतेक रसायन या दुसऱ्या बंधातच आहे.

इंग्लंडमध्ये १९३३ साली प्रचंड दाबाखाली इथिलीनचे पाय बंध उघडून हजारो रेणूंची साखळी झाली, तेच पॉलिथीन. साखळीत एकेरी बंधच उरत असल्याने, शेतकरी ज्याला नुसते ‘पेपर’ म्हणतात ते हे आच्छादन नावाने इथिलीनचे असले, तरी गुणाने संपृक्त आणि म्हणूनच निरुपद्रवी असते.

फुलाशी गाठ पडते ती मात्र सुट्या इथिलीनची. वनस्पती ते संप्रेरक म्हणून स्वतःच तयार करतात. शिवाय खंडाळ्याच्या घाटात मुंबईच्या विमानतळाकडे जाणाऱ्या फुलांच्या गाडीपुढे रखडलेल्या ट्रकांच्या धुरातही ते असते. पेशीतील ग्राही प्रथिनात तांब्याचा अणू असतो, त्याला पाय इलेक्ट्रॉन चिकटतात आणि कोमेजण्याची प्रक्रिया सुरू होते. थंडीत ही प्रक्रिया मंदावते, म्हणून गुलाब कळी मिटलेली असतानाच खुडून शीतगृहात ठेवतात.

गंमत अशी, की इथिलीनला अडवणारे १-मिथिलसायक्लोप्रोपीन हेही अल्कीनच आहे. तीन कार्बनांच्या कड्यात आवळला गेलेला त्याचा दुहेरी बंध त्याच तांब्याला इथिलीनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, पण कोमेजण्याचा संकेत देत नाही. पेशी नवे ग्राही बनवू लागल्या, की हे संरक्षण ओसरते.