नाक दाबलं कुणाचं, तोंड उघडलं कुणी?

छोट्या पडद्याचं अर्थकारण : लेखांक 6

18 फेब्रुवारी 2023. शनिवार, महाशिवरात्र. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस. त्या दिवशी केबलवर टीव्ही पाहणाऱ्या असंख्य घरांत स्टार स्पोर्ट्स लागेना. स्टार प्रवाह लागेना, झी मराठी लागेना, सोनी मराठीही लागेना. लोकांनी सेट-टॉप बॉक्स बंद-चालू केला, मागच्या वायरी हलवून पाहिल्या आणि शेवटी केबलवाल्याला फोन लावला. उत्तर ठरलेलं : “ताई, आमच्या हातात काही नाही. वरूनच बंद केलंय.”

केबलवाला खरंच सांगत होता. या धंद्यात तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर वाहिन्या चालवणाऱ्या प्रसारण कंपन्या. मधे हॅथवे, डेन, जीटीपीएल यांच्यासारखे मोठे वितरक, जे सिग्नल घेऊन शहरोशहरी पोचवतात. आणि खाली आपल्या गल्लीतला केबलवाला, जो दर महिन्याला पैसे गोळा करतो आणि शिव्याही खातो. भांडण वरच्या दोन पायऱ्यांवर जुंपलं होतं. एका बाजूला डिस्ने-स्टार, झी आणि सोनी. दुसऱ्या बाजूला मोठ्या केबल वितरकांचा महासंघ. नव्या दरांच्या करारांवर वितरक सह्या करेनात, तेव्हा प्रसारकांनी नोटिसा धाडल्या आणि मुदत संपताच सिग्नल तोडले. महासंघाच्या म्हणण्याप्रमाणे याचा फटका सुमारे साडेचार कोटी घरांना बसला. डीटीएच कंपन्यांचे करार झालेले असल्यामुळे शेजारच्या छतावर छत्री असेल तर तिथे सगळं सुरळीत चालू होतं. रविवारी जडेजानं 42 धावांत 7 बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला 113 धावांत गुंडाळलं, ते निम्म्या इमारतीनं पाहिलं आणि निम्म्या इमारतीनं ऐकलं.

हे भांडण भाववाढीचं होतं, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. खरं भांडण होतं पॅकचं, म्हणजे नियमांच्या भाषेतल्या ‘बुके’चं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची, नवी दररचना लागू झाली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी 130 रुपये जोडणी शुल्क, करासह 153 रुपये 40 पैसे, हा आकडा अनेकांना अजून पाठ असेल. त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत. त्या किमतीतले किमान 20 टक्के वितरकाचे, बाकीचे प्रसारकाचे. ज्याला जी वाहिनी हवी तिचे त्यानं पैसे द्यावेत, असा हा साधा हिशेब. प्रसारकांना आपल्या वाहिन्यांचे पॅक विकायलाही परवानगी होती. फक्त 19 रुपयांहून महाग वाहिनी पॅकमध्ये घालता येणार नव्हती. पॅकवर किती सूट द्यावी याला मात्र तेव्हा प्रत्यक्षात लगाम उरला नव्हता. 15 टक्क्यांची मर्यादा मद्रास उच्च न्यायालयात टिकली नव्हती.

या सुटीत काय दडलंय ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. एका प्रसारकाच्या नऊ वाहिन्या आहेत. मालिकांची लाडकी वाहिनी 19 रुपयांना, खेळाची 12 रुपयांना आणि कुणी फारशी न पाहणारी उरलेली सात प्रत्येकी 3 रुपयांना. बेरीज 52 रुपये. पॅकवर 45 टक्के सूट दिली तर नऊच्या नऊ वाहिन्या 28 रुपये 60 पैशांत पडतात. आणि ग्राहकानं हव्या त्या दोनच सुट्या घेतल्या तर? 31 रुपये. दोन घेतल्या तर महाग, नऊ घेतल्या तर स्वस्त! मग कोण दोन घेईल? निवडीचा हक्क कागदावर शाबूत राहतो आणि सात नको असलेल्या वाहिन्या घरात येऊन बसतात. प्रसारकाला त्या सात वाहिन्यांचं वर्गणीतून फारसं काही मिळत नसलं तरी त्या इतक्या कोटी घरांत पोचतात, हे जाहिरातदाराला दाखवता येतं. वितरकाचं दुखणं निराळं : पॅकचा भाव वाढला की ग्राहक प्रसारकाला जाब विचारत नाही, केबल तोडतो.

‘ट्राय’नं 1 जानेवारी 2020 रोजी हा हिशेब आवळायचा प्रयत्न केला. पॅकमधल्या वाहिनीची कमाल किंमत 12 रुपयांवर आणली आणि सुटीला साधारण तेहतीस टक्क्यांची मर्यादा घातली. प्रसारक मुंबई उच्च न्यायालयात गेले. 30 जून 2021 च्या निकालात न्यायालयानं एक अट रद्द केली, पण बाकीची रचना कायम ठेवली. त्यावर प्रसारकांनी वेगळीच चाल केली : लोकप्रिय वाहिन्यांच्या किमती 12 रुपयांच्या वर नेऊन त्यांना पॅकबाहेर काढायचं जाहीर केलं. तसं झालं असतं तर त्याच वाहिन्या पाहण्यासाठी ग्राहकाचं बिल चांगलंच फुगलं असतं. ‘ट्राय’ला माघार घ्यावी लागली. 22 नोव्हेंबर 2022 च्या दुरुस्तीत पुन्हा 19 रुपये आले, सूट 45 टक्क्यांपर्यंत मान्य झाली आणि अंमल 1 फेब्रुवारी 2023 पासून ठरला. तीन वर्षं गोठलेले भाव सुटले, प्रसारकांनी पॅक महाग केले आणि वितरक केरळ उच्च न्यायालयात गेले. प्रसारकांचं म्हणणं होतं, लेखी करार नसेल तर सिग्नल द्यायला नियमच मनाई करतो. वितरकांचं म्हणणं होतं, प्रकरण न्यायालयात असताना ही घाई कशाला? दोघांच्याही पत्रकांत ‘ग्राहकहित’ हा शब्द ठळकपणे होता.

आठवडा उलटायच्या आत वितरकांनी सह्या केल्या आणि वाहिन्या परत आल्या. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक प्रेक्षकाचं दाबलं होतं आणि तोंड वितरकानं उघडलं, एवढाच फरक.

त्याच वर्षी अमेरिकेत याच भांडणाचा शेवट वेगळा झाला. तिथे वाहिनीचा भाव सरकार ठरवत नाही. 1992 च्या केबल कायद्यानुसार स्थानिक प्रसारण केंद्रं दर तीन वर्षांनी ठरवतात, की केबलवर फुकट पण हक्कानं जागा मागायची, की संमतीचे पैसे मागायचे. केबलवरच्या इतर वाहिन्यांचे करार तर निव्वळ घासाघिशीवर होतात. 31 ऑगस्ट 2023 रोजी डिस्नेचा चार्टर या केबल कंपनीशी करार फिसकटला आणि तिच्या जवळपास दीड कोटी ग्राहकांच्या घरातून ईएसपीएनसह डिस्नेच्या वाहिन्या गेल्या. मुहूर्त बघा : अमेरिकन ओपन टेनिस न्यूयॉर्कमध्ये ऐन रंगात आलेलं आणि अमेरिकन फुटबॉलचा हंगाम तोंडावर. न्यूयॉर्कमध्येच चार्टरची केबल घेणाऱ्यांना आपल्याच शहरातले सामने त्या केबलवर दिसेनात.

पण चार्टर हटली नाही. वर्षाला दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम आपण डिस्नेला मोजतो, आणि डिस्ने मात्र चांगला मजकूर आपल्या ॲपवर नेऊन तोच ग्राहक पळवते, ही तिची तक्रार होती. 11 सप्टेंबरला, सोमवारच्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या काही तास आधी, तडजोड झाली. डिस्नेला वाढीव दर मिळाला. पण फ्रीफॉर्म, डिस्ने ज्युनियर, नॅट जिओ वाइल्ड अशा आठ छोट्या वाहिन्या चार्टरनं उचलल्या नाहीत आणि ठरावीक पॅक घेणाऱ्या ग्राहकांना डिस्ने प्लस जाहिरातींसह त्याच पैशांत मिळू लागलं. पॅक सैल झाला तो कुठल्या नियमानं नव्हे. केबलचा धंदा आटला तरी आपण इंटरनेट विकून जगू, एवढी ताकद समोरच्याकडे होती म्हणून झाला.

आपल्याकडे ती ताकद केबल वितरकाकडे नव्हती. आता तर चित्र आणखी गुंतलं आहे. हॅथवे आणि डेनची सूत्रं 2018 च्या व्यवहारांनंतर रिलायन्सकडे गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये डिस्ने-स्टार आणि व्हायकॉम 18 एकत्र येऊन जिओस्टार झाली, तीही रिलायन्सच्याच छत्राखाली. सिग्नल देणारा आणि घेणारा एकाच घरातला असेल तर तिथे भांडण क्वचितच होईल, पण भाव कुणाच्या हिताचा ठरतोय हे बाहेरून कळणं अवघड होईल. जोडणी शुल्कावरची कमाल मर्यादाही ‘ट्राय’नं जुलै 2024 मध्ये काढून टाकली आहे.

तेव्हा पडद्यावर पुन्हा कधी ‘ही वाहिनी बंद होण्याची शक्यता’ अशी पट्टी सरकू लागली, तर पत्रकातल्या ग्राहकहिताकडे फार लक्ष देऊ नका. आपल्या वाहिनीची सुटी किंमत आणि पॅकची किंमत शेजारी-शेजारी मांडा. त्या दोन आकड्यांत जितकं अंतर, तितकी तुमची निवड आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेली आहे. वाहिनी बंद पडते आठवडाभर. ही निवड मात्र बारा महिने बिलात असते.

पुढील लेखांक : महिन्याची वर्गणी नाही, तरी धंदा आहे. डीडी फ्री डिशच्या लिलावाची गोष्ट.